तीन की चार?

आमच्या घरातल्या स्मोक अलार्मचं आणि फोडणीचं पहिल्या दिवसापासून वाकडं. स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात तो छताला चिकटलेला. मोहरी तडतडली, सुक्या मिरच्या जरा काळ्या पडल्या, भाकरीचं पीठ तव्यावर जळलं की ह्याचा ठणाणा सुरू. मग ठरलेली धावपळ. माझा नवरा मंदार टॉवेल घेऊन खाली उभा राहून वारा घालणार, मी डेकचं दार उघडणार, आणि ज्याच्या हाती लाटणं लागेल त्याने टोकाने बटण दाबून त्याचं तोंड बंद करायचं. पाहुण्यांनाही हे पाठ झालं होतं. आई सांगलीहून आली तेव्हा तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "घंटा झाली, म्हणजे भाजी झाली वाटतं."

हसलो आम्ही. अलार्म वाजला की तो बंद करायचा, एवढंच आम्ही तीन वर्षांत शिकलो होतो.

आम्ही राहतो बॉस्टनच्या दक्षिणेला, शॅरॉनमध्ये. घर २०१९ साली घेतलं. मॅसॅच्युसेट्समध्ये घर विकायच्या आधी गावच्या अग्निशमन दलाकडून अलार्म तपासून घ्यावे लागतात, त्याचा दाखला असल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. तो दाखला आम्हाला बाकीच्या शंभर कागदांबरोबर मिळाला आणि त्या शंभर कागदांबरोबरच फायलीत गेला. घरात धुराचे अलार्म वेगळे आणि कार्बन मोनॉक्साइडचे, म्हणजे त्या बिनवासाच्या, न दिसणाऱ्या विषारी वायूचे, वेगळे आहेत हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं म्हणजे 'वर दोन प्रकारच्या पांढऱ्या डब्या आहेत' इतपतच.

आता कबुली देऊन टाकते. नोव्हेंबर २०२१. मला आठवा महिना, रात्री कुशीवर वळायचं तरी मोठं काम. अशा एका रात्री बेसमेंटच्या जिन्याजवळची डबी टुक करायला लागली. एकदाच टुक. मग मिनिटभर शांतता. डोळा लागतोय असं वाटतं, तोच टुक. बॅटरी बदलली तरी टुक. पहाटे तीन वाजता मी खुर्चीवर चढले (ते पोट घेऊन!), डबी फिरवून काढली, बॅटरी उपसली आणि दोन्ही वस्तू स्वयंपाकघरातल्या अडगळीच्या खणात टाकल्या. रबरबँड, जुन्या किल्ल्या आणि सोया सॉसच्या पुड्यांबरोबर. सकाळी मंदारला म्हटलं, "ते खराब झालंय, नवीन आणू." त्यानंतर बाळंतपणाची तयारी, आईचं तिकीट, ओमिक्रॉन. नवीन काही आलं नाही.

आई डिसेंबरात आली. लस घेतलेल्या परदेशी प्रवाशांना अमेरिकेने ८ नोव्हेंबरला दार उघडलं नसतं तर ती येऊच शकली नसती, म्हणून ती आल्याचा आनंद जरा जास्तच होता. एका बॅगेत डिंकाचे लाडू, अहळीव, बाळंतशोपा, वेखंड, ओवा. दुसऱ्या बॅगेत दुपटी, कुंच्या आणि लोखंडी घमेलं. घमेलं कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, "शेगडीला. बाळंतिणीला शेक कशावर देऊ मग, तुमच्या त्या मायक्रोवेव्हवर?"

७ जानेवारीला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यापासून शेक-शेगडी सुरू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: तेल लावून अंघोळ झाली की निखाऱ्यांच्या शेगडीवर ओवा, बाळंतशोपा, लसणाची सालं टाकतात आणि त्या धुरावर बाळाला व बाळंतिणीला शेकतात. मला विज्ञान विचारू नका. उणे दहाच्या थंडीत, टाके दुखत असताना, आईच्या हातचा तो शेक काय वाटतो ते फक्त बाळंतिणीलाच विचारा. मंदार मागच्या डेकवर बार्बेक्यूचे कोळसे फुलवायचा, धूर पूर्ण गेला आणि निखारा लाल झाला की घमेलं आत आणायचा. खाली आईच्या खोलीत शेक चालायचा. पहिल्या दिवशी बोळातला अलार्म असा कोकलला की बाळ दचकून रडलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मंदारने त्याला हॉटेलातून आणलेली प्लॅस्टिकची शॉवर कॅप घातली. फार कल्पक वाटलं होतं ते आम्हाला.

"आधी धूर जाऊ द्यायचा बाहेर," आई त्याला शिकवायची. "धूर नाही म्हणजे काही भीती नाही."

२९ जानेवारीचा शनिवार. पहाटेपासून वादळ. त्या एका दिवसात बॉस्टनला २३.६ इंच बर्फ पडला, एका दिवसातल्या विक्रमाशी बरोबरी करणारा. आमच्या बाजूला त्याहूनही जास्त. आकडा जाऊ दे, खिडकीतून बघितलं तर डेकचा कठडा दिसत नव्हता. वारा असा की बर्फ वरून पडतोय की आडवा येतोय ते कळेना. घराच्या उत्तरेच्या भिंतीशी तर बर्फाची घसरगुंडीच झाली होती, थेट खिडकीच्या चौकटीपर्यंत. घर तापवणारी गॅसची फर्नेस मात्र बेसमेंटमध्ये इमानेइतबारे घरघरत होती, घर उबदार होतं, आणि आम्हाला कुठे जायचंही नव्हतं.

डेकवर जाता येत नव्हतं म्हणून आईने त्या दिवशी कोळसे गॅसवर पापडाच्या जाळीवर फुलवले. शेक झाला. दार लावलेलं, खिडकी लावलेली, बाळाला वारा लागू नये म्हणून दाराच्या फटीला टॉवेल. शेक संपल्यावर घमेलं तिच्याच खोलीत कोपऱ्यात राहिलं. निखारे राखेत मंद होत होते.

दुपारी जेवल्यावर आईचं डोकं दुखायला लागलं. "कपाळाला पट्टी बांधल्यासारखं," म्हणाली. अमृतांजन लावून पडली. तासाभराने उठली तर मळमळ. मलाही जडजड वाटत होतं, पण बाळंतीण म्हटल्यावर जडजड वाटायला वेगळं कारण लागत नाही. मंदार म्हणाला, त्याचंही डोकं धरलंय. त्या महिन्यात अशा लक्षणांचा एकच अर्थ होता. घरी ठेवलेल्या कोविड चाचणीच्या पट्ट्या काढल्या. तिघांच्या निगेटिव्ह. मग सगळ्यांच्या घरात असतो तसा आमच्याही घरात असलेला ऑक्सिमीटर काढला. आईच्या बोटाला लावला. ९८. माझ्या बोटाला. ९९.

तो आकडा बघून मला केवढं हायसं वाटलं होतं! २०२१च्या उन्हाळ्यात सांगलीत आम्ही सगळे त्या आकड्यावर जगलो होतो. ९४च्या खाली गेला की पळायचं, वर असला की देवाला हात जोडायचे. ९८ म्हणजे आई ठीक. तिला आलं घालून चहा दिला आणि पुन्हा झोपवलं.

साडेचारच्या सुमारास, अंधारून येत असताना, वरच्या मजल्यावर अलार्म वाजला.

मी बाळाला पाजत होते. मंदार वर गेला, सवयीने बटण दाबलं, आवाज थांबला. खाली येऊन म्हणाला, "काही धूर नाही. शेगडीचंच काहीतरी वर गेलं असेल." पाचेक मिनिटांनी पुन्हा सुरू. ह्या वेळी त्याने दोनदा दाबलं. ते थांबलं आणि परत बोंबललं. तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी हललं. स्वयंपाकघरातला अलार्म फोडणीला वाजतो, पण वरचा? तो तर तीन वर्षांत कधीच वाजला नव्हता. आणि मुख्य म्हणजे घरात धुराचा वासही नव्हता.

मंदारचं म्हणणं, खिडकी उघडून बघू थोडा वेळ. माझं म्हणणं, ९११ला फोन करू. तो म्हणाला, एवढ्या वादळात त्या लोकांना कशाला, उगाच. ह्या 'उगाच'चा मला आजही राग येतो, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तोच होता. आपल्याकडे फायर ब्रिगेडला फोन करायचा तो ज्वाळा दिसल्यावर. डबी वाजते म्हणून कोणी बंब बोलावतं का?

फोन मी केला. मी नीट सांगायच्या आतच पलीकडची बाई म्हणाली, "मला ऐकू येतोय अलार्म. एक मिनिट बोलू नका." आणि आम्ही दोघी गप्प राहून ऐकत राहिलो. टीं-टीं-टीं-टीं. थांबा. टीं-टीं-टीं-टीं. थांबा.

"चार आहेत," ती म्हणाली. "तीन असते तर धूर. चार म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. घरात किती माणसं? कोणाचं डोकं दुखतंय? कोणाला मळमळतंय?"

तीन वर्षं त्या डब्यांखाली राहिलेय मी, आणि त्या मोजून बोलतात हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

पुढचं सगळं तिने भराभर सांगितलं, एकेक वाक्य. सगळ्यांना आत्ता बाहेर काढा. सामान घेऊ नका. खिडक्या उघडत फिरू नका, त्यात वेळ जातो. माणसं मोजा. परत आत जाऊ नका, आमची माणसं सांगेपर्यंत. मी म्हटलं, बाळ बावीस दिवसांचं आहे, बाहेर वादळ आहे. ती म्हणाली, "मला माहीत आहे. गुंडाळा आणि निघा. शेजारी जाता येईल?" मंदारने पाठीमागून विचारलं, गाडी सुरू करून तिच्यात बसलो तर? तर जवळजवळ ओरडलीच, "नाही. गाडी सुरू करू नका." का ते नंतर लक्षात आलं. ड्राइव्हवेत गाडी मागच्या टायरच्या वरपर्यंत बर्फात होती. सायलेन्सरचं तोंड बुजलेलं. तशा गाडीत हीटर लावून बसणं म्हणजे एका गॅसच्या खोलीतून उठून दुसऱ्या, त्याहून लहान खोलीत जाऊन बसणं. प्रत्येक मोठ्या बर्फात अशी माणसं जातात, बऱ्याचदा लहान मुलं, बाबा बाहेर फावडं मारतोय आणि मुलं गाडीत उबेला बसलीत अशी.

आईला उठवायला गेले. ती उठेना. म्हणजे जागी होती, पण "जरा पडू दे गं, नंतर जाऊ" असं म्हणत कूस बदलत होती. माझी आई! पहाटे पाचला उठून अंगण झाडणारी, कोणी हाक मारायच्या आत दारात उभी राहणारी. तिचा तो गुंगलेला आवाज ऐकून माझे हातपाय गार पडले. मंदारने तिला दंडाला धरून उभं केलं. "आई, चला. आत्ता. चपला राहू द्या." तिने तरी देवघराकडे वळून बघितलंच.

बाळाला कुंची, दोन दुपटी, वर माझा जाड कोट. समोरच्या बाईंचं घर रस्ता ओलांडला की लगेच, एरवी अर्ध्या मिनिटाचं. त्या दिवशी कंबरभर बर्फातून किती वेळ लागला कोण जाणे. मंदार पुढे वाट पाडत होता, मधे आई, मागे मी. अर्ध्यात आई थांबली आणि उलटी केली. मग मान वर करून म्हणाली, "बरं वाटतंय आता." मोकळ्या हवेत दहा मिनिटांत तिचा चेहरा बदलला. घराबाहेर पडल्यावर बरं वाटणं हीच ह्या विषाची मोठी खूण असते, असं नंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सर्दी-तापाचा रोगी अंगणात गेल्यावर बरा होत नाही.

बंब आला दहा-बारा मिनिटांत, मागोमाग ॲम्ब्युलन्स. आम्ही समोरच्या खिडकीतून बघत होतो. चार जण पाठीवर हवेच्या टाक्या, तोंडावर मुखवटे लावून आमच्या घरात शिरले. आपल्याच घरात कोणी मुखवटा लावून शिरतंय हे बघताना कसंसंच होतं. ज्या हॉलमध्ये तासाभरापूर्वी मी बाळाला पाजत बसले होते, तिथे ही माणसं उघड्या तोंडाने जायला तयार नव्हती.

त्यांच्यातला मोठा अधिकारी थोड्या वेळाने आला. हातात मीटर, खांद्यावर बर्फ. आकडे त्याने हवेच्या दहा लाख भागांत किती भाग कार्बन मोनॉक्साइड अशा हिशेबात सांगितले: बेसमेंटमध्ये १७०, आईच्या खोलीत १३०, वरच्या बोळात ८५. मग विचारलं, "खालच्या खोलीत राखेचं एक भांडं आहे. ते काय आहे?"

मी सांगितलं. बाळंतपण, शेक, धूर, परंपरा. माझ्या मोडक्यातोडक्या स्पष्टीकरणाला त्याने मान डोलावली, हसला नाही. म्हणाला, "कोळसे बंद खोलीत. बावीस दिवसांच्या बाळाजवळ." एवढंच. आई बाजूला बसली होती. तिला इंग्रजी पुरतं कळत नाही, पण घमेल्याविषयी चाललंय हे कळलं. ती रडायला लागली. "माझ्यामुळेच झालं गं. माझ्या हातानेच."

तो परत गेला, सगळी दारं-खिडक्या उघडून मोठ्या पंख्याने घर मोकळं केलं, घमेलं बाहेर बर्फात नेऊन ठेवलं. हवा साफ झाल्यावर त्यांनी सगळं बंद करून नुसती फर्नेस चालू करून पाहिली. मीटर पुन्हा चढायला लागलं. मुख्य गुन्हेगार ती होती.

आमची फर्नेस नव्या पद्धतीची. तिचा धूर चिमणीतून वर जात नाही, भिंतीतून आडव्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळीने बाहेर पडतो. ते तोंड होतं नेमकं उत्तरेच्या भिंतीला, त्या बर्फाच्या घसरगुंडीखाली. दुसऱ्या दिवशी आलेल्या मेकॅनिकने समजावलं ते असं: तोंड पूर्ण बुजलं असतं तर फर्नेस आपणहून बंद पडायला हवी होती, तशी सोय तिच्यात असते. पण बर्फात आतल्या आत पोकळी राहिली, बाहेर टाकलेली खराब हवा तिथेच घुटमळली आणि बाजूच्याच नळीने पुन्हा आत ओढली गेली. जळायला ताजी हवा नाही, म्हणजे अर्धवट जळणं, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्यात बेसमेंटमध्ये त्या नळीचा एक सांधा निसटला होता, आणि तिथून तो वायू घरात. पुढचं काम फर्नेसच्या पंख्यानेच केलं, घरभर प्रत्येक खोलीत गरम हवेबरोबर पोचवलं.

हे ऐकून आईला थोडं बरं वाटलं. मला नाही वाटलं. कारण बेसमेंटच्या जिन्याजवळची डबी जागेवर असती आणि चालू असती, तर ती वरच्या डबीच्या कितीतरी आधी वाजली असती. हे अलार्म लगेच कोकलत नाहीत. ७० भाग असतील तर एक ते चार तासांत, १५० असतील तर दहा ते पन्नास मिनिटांत, ४०० असतील तर चार ते पंधरा मिनिटांत, असं त्यांचं अमेरिकेतलं प्रमाण आहे. थोड्या वेळापुरत्या किरकोळ वायूला उगाच ओरडू नये म्हणून ते वेळेचा हिशेब ठेवतात. म्हणजे वरची डबी वाजली तोवर आम्ही तासन्‌तास ते पीत होतो. आणि खालची सोया सॉसच्या पुड्यांबरोबर पडली होती. मी खण उघडून तिची पाठ बघितली. त्यावर तारीख छापलेली असते. २०१४. खाली लिहिलेलं: सात वर्षांनी बदला. ती रात्री टुक-टुक करत होती ती बॅटरीसाठी नव्हेच. माझं वय झालं, मला बदला, असं सांगत होती बिचारी.

ॲम्ब्युलन्सवाल्या मुलाने आमच्या बोटांना जो चिमटा लावला तो दिसायला आमच्या ऑक्सिमीटरसारखाच, पण वेगळा. आईचं रक्त १२ टक्के, माझं ८, मंदारचं ७. म्हणजे रक्तातल्या इतक्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनच्या जागी हे बसलेलं. ते ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतं, सहजी जागा सोडत नाही. मी त्याला विचारलं, मग आमचा ऑक्सिमीटर ९८ कसा दाखवत होता? तो म्हणाला, साधं यंत्र रक्ताचा रंग बघतं. कार्बन मोनॉक्साइड बसलेलं रक्तही लालभडकच असतं, त्याला तो ऑक्सिजनच वाटतो. मला ती दुपार आठवली. ९८ बघून मी आईला पुन्हा त्याच खोलीत झोपवलं होतं, दार नीट लावून घेतलं होतं.

दवाखान्यात आम्हाला चार-पाच तास मुखवट्याने ऑक्सिजन दिला. साध्या हवेत ह्या वायूचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तिचा आकडा माझ्यापेक्षा कमी निघाला. ती दिवसभर बहुतेक वर पाळण्यातच होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाजायला हरकत नाही. त्या वाक्यावर मी जी रडले ती थांबेचना.

घरी परतलो रविवारी संध्याकाळी. ऊन पडलं होतं, सगळं पांढरं लखलखीत. मंदार फावडं घेऊन उत्तरेच्या भिंतीशी गेला आणि मला हाक मारली. नळीच्या तोंडाच्या बरोबर वर, भिंतीवर आठ फूट उंचीवर एक छोटी पाटी होती. अर्ध्या इंचाची अक्षरं, उन्हाने फिकी पडलेली: गॅसच्या धुराड्याचं तोंड इथे बरोबर खाली आहे, मोकळं ठेवा. मॅसॅच्युसेट्सच्या नियमाने ती लावावीच लागते, इतक्या उंचीवर अशासाठी की बर्फ कितीही चढला तरी दिसावी. तीन वर्षं मी त्या पाटीखाली पुदिना लावत होते.

ह्या नियमांमागे एक मूल आहे. २००५च्या जानेवारीत, ह्याच राज्यात प्लिमथला, अशाच बर्फाने धुराड्याचं तोंड बुजून निकोल नावाची सात वर्षांची मुलगी गेली. घराघरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा हा कायदा त्यानंतर आला, ३१ मार्च २००६ला लागू झाला. त्याला निकोलचा कायदाच म्हणतात. प्रत्येक मजल्यावर एक, आणि झोपायच्या खोल्यांपासून दहा फुटांच्या आत. वरची डबी तिथे होती, ती ह्या कायद्यामुळे.

सोमवारी सगळ्या डब्या बदलल्या. शॉवर कॅपसुद्धा निघाली. दुकानातल्या म्हाताऱ्याने विचारलं, स्वयंपाकघराजवळचा कुठल्या जातीचा आहे? बघितलं तर आयनीकरणवाला, जो तेलाच्या बारीक, न दिसणाऱ्या कणांनाही पेटतो. इथे स्वयंपाकघराच्या वीस फुटांत प्रकाशावर चालणाराच लावायचा असा नियम आहे, तो फोडणीला कमी बिचकतो आणि धुमसत्या आगीला लवकर ओळखतो. नवीन लावल्यापासून फोडणीला तो महिन्यातून एखाद वेळा ओरडतो. आता आम्ही आधी तव्याकडे बघतो, मग त्याच्याकडे, आणि बटणाला हात त्यानंतर. तेल पेटलं तर झाकण ठेवायचं, पाणी ओतायचं नाही, आणि आग आवाक्यात नाही असं वाटलं तर मागे दार ओढून घेऊन बाहेर पडायचं, हेही मंदारने एकदा सगळ्यांना करून दाखवलं, अगदी शाळेतल्या कवायतीसारखं. समोरच्या बाईंच्या दिव्याखाली जमायचं असं ठरलं.

आईच्या मनातून मात्र घमेलं जाईना. एका दुपारी बाळाची टाळू भरताना एकदम म्हणाली, "कवठ्याला आमच्या घरी कौलं होती. आजी शेगडी आणायची तेव्हा दार कायम एवढं," तिने चार बोटं दाखवली, "उघडं ठेवायची. आम्ही लावायला गेलो की ओरडायची, बाळंतीण गुदमरेल म्हणून. मला वाटायचं, धुराने म्हणतेय." मग जरा थांबून, "तुमच्या ह्या घराला फटच नाही."

ते खरंच होतं. कौलं, कुडाच्या भिंती, वरून फटीफटींतून जाणारा वारा. तिथे जी शेगडी खपून गेली, ती ह्या उबेसाठी हवाबंद केलेल्या घरात खपणार नव्हती. आणि निखारा लाल झाला, धूर गेला, म्हणजे भीती गेली हे तर साफ उलटं. धूर निदान डोळ्यांत जातो, खोकला काढतो, उठवून बाहेर घालवतो. पुढचा महिनाभर आईने शेक दिला तो गरम पाण्याच्या पिशवीने, आणि ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून. "चालतंय," म्हणाली, पण तोंड वाकडं करून.

मेमध्ये ती परत गेली. बॅगेत नातीचे फोटो, चॉकलेटं आणि बॅटरीवर चालणारे कार्बन मोनॉक्साइडचे दोन अलार्म. सांगलीच्या घरी बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, वर वीतभर झरोका, तोही थंडीत पुठ्ठा लावून बंद केलेला. दर हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी असतेच, बाथरूममध्ये गिझरच्या वायूने अमुक गेली, दार तोडून काढलं. आम्ही ती बातमी इतकी वर्षं वाचत होतो आणि पान उलटत होतो.

पोचल्यावर चौथ्या दिवशी तिने फोन केला, इलेक्ट्रिशियन आलाय म्हणून. कॅमेरा छताकडे. त्याने डबी हातात घेऊन उलटीसुलटी केली. "काकू, हे काय, सीसीटीव्ही का?"

"चार वेळा वाजलं की सगळं टाकून बाहेर पळायचं यंत्र आहे," आई म्हणाली. "ते नंतर लाव. आधी तो गिझर बाहेरच्या गॅलरीत काढून दे."